मालधक्क्याची बाग आणि दोनदा बांधलेला पूल

मुंबईला दोन किनारे आहेत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. लहानपणी समुद्र म्हणजे चौपाटी, एवढंच ठाऊक होतं. माझे आजोबा गोदीत टॅली क्लार्क होते. रोज सकाळी डबा घेऊन ते डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरत आणि पास दाखवून आत जात. एकदा त्यांचं बोट धरून भाऊच्या धक्क्यावर रेवसची लाँच पकडायला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना उंच भिंती, फाटकं, वखारी. समुद्राचा खारा वास येत होता, पण समुद्र काही दिसेना. मी विचारलं, "आजोबा, समुद्र कुठाय?" ते म्हणाले, "भिंतीपलीकडे. पण तो आपला नव्हे, गोदीचा."

"तो आपला नव्हे" हे वाक्य माझ्या मनात राहून गेलं. पुढे अमेरिकेत मुलीकडे गेलो असताना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका जुन्या मालधक्क्यावर बसलो होतो, तेव्हा ते पुन्हा आठवलं. समोर पाणी, मागे गवताची टेकडी, शेजारी पोरं फुटबॉल खेळत होती. पाव शतकापूर्वी तिथेही भिंती होत्या आणि तिथल्या आजोबांनीही आपल्या नातवंडांना बहुधा हेच सांगितलं असेल. या जागेची, आणि तिथे उतरणाऱ्या एका लाकडी पुलाची, ही हकिगत.

मॅनहॅटन बेट आणि ब्रुकलिन यांच्यामध्ये ईस्ट रिव्हर वाहते. नाव नदीचं असलं, तरी ती खरं म्हणजे भरती-ओहोटीची खाडी आहे. ब्रुकलिनच्या बाजूला किनाऱ्यालगत एक उंच कडा आहे. कड्यावर वस्ती आणि कड्याखाली पाणी, अशी तिथली ठेवण. अमेरिकेच्या इतिहासातली एक मोठी रात्र याच कड्याखाली गेली. १७७६च्या ऑगस्टमध्ये ब्रुकलिनच्या लढाईत जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याची दाणादाण उडाली. पाठीशी पाणी आणि पुढे इंग्रज. २९ ऑगस्टच्या रात्री मॅसॅच्युसेट्सकडच्या मासेमारांच्या पलटणीने होड्या वल्हवल्या आणि सुमारे नऊ हजार सैनिक गुपचूप पलीकडे पोहोचवले. पहाटे दाट धुकं पडलं आणि उरलेलेही निसटले. ते सैन्य तिथे सापडलं असतं, तर अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा तिथेच आटोपण्याची वेळ आली असती. कोळ्यांची वल्ही इतिहासात अशी कामी येतात.

ज्या उतारावरून ही माणसं पार झाली, तिथेच १८१४मध्ये रॉबर्ट फुल्टनची वाफेवरची तर सुरू झाली. तरीमुळे ब्रुकलिनचं नशीब फळफळलं. मॅनहॅटनमध्ये कचेरी आणि ब्रुकलिनमध्ये घर, अशी सोय झाली. दादर-माहीमची वस्ती जशी गाडीमुळे वाढली, तशी ही तरीमुळे वाढली. पुढे याच तरीच्या धक्क्याजवळ, १८६९ साली, जॉन रोबलिंग नावाचा अभियंता पुलाची जागा मोजत उभा होता. धक्क्याला लागणाऱ्या बोटीखाली त्याचं पाऊल चिरडलं, धनुर्वात झाला आणि तो गेला. मुलगा वॉशिंग्टन रोबलिंग याने काम हाती घेतलं. पाण्याखालच्या पायाच्या पेटीत, दाबाखालच्या हवेत काम करता करता तोही आजाराने अंथरुणाला खिळला. मग त्याची पत्नी एमिली नवऱ्याचा निरोप घेऊन कामावर जाऊ लागली. तिने गणित शिकून घेतलं, पोलादाच्या तारांचं शास्त्र शिकून घेतलं. २४ मे १८८३ रोजी ब्रुकलिन ब्रिज खुला झाला. एमिलीचं नाव पुन्हा शेवटी येईल, लक्षात ठेवा.

पूल झाला तरी किनारा मात्र मालाचाच राहिला. कॉफी, साखर, काकवी, कातडी, सगळं इथे उतरे. पाण्याच्या कडेने विटांच्या वखारींची अशी सलग रांग उभी राहिली, की लोक ब्रुकलिनला तटबंदीचं शहर म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या 'एम्पायर स्टोअर्स' या वखारी आजही उभ्या आहेत. विसाव्या शतकात त्यात भर पडली ती हमरस्त्याची. कड्याच्या पोटात एकावर एक मजले चढवून मोटारींचा महामार्ग बसवण्यात आला. वस्तीच्या मधून जाणारा रस्ता रहिवाशांनी विरोध करून कड्याकडे ढकलला आणि त्याच्या माथ्यावर १९५०मध्ये फिरायला एक सज्जा मिळवला. त्या सज्ज्यावरून पाणी छान दिसे. पण दिसे एवढंच. खाली उतरायची सोय नव्हती. मध्ये मोटारींचे मजले, त्याखाली फर्मन स्ट्रीट, त्यापुढे धक्क्यांच्या भिंती.

१९५०च्या दशकात बंदर प्राधिकरणाने जुने अरुंद धक्के काढून रुंद, नवे धक्के बांधले, त्यावर मोठाल्या शेड उभारल्या. पुढची शंभर वर्षं काळजी नाही, असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण पलीकडे न्यू जर्सीत वेगळंच काही शिजत होतं. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन नावाच्या एका ट्रकवाल्याने नेवार्कच्या बंदरातून एक जुनं टँकर जहाज सोडलं. त्यावर ५८ पत्र्याच्या पेट्या होत्या. कंटेनर म्हणून आज आपण ज्याला ओळखतो, त्याचा हा जन्म. सुटा माल पाठीवरून चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट खर्च येई. पेटीतून तोच माल सुमारे १६ सेंटांत चढला. हा आकडा ऐकून कुठल्याही गोदी कामगाराच्या पोटात गोळा यावा.

कंटेनरला अरुंद धक्का चालत नाही. त्याला मागे एकरोएकर मोकळी जमीन लागते, क्रेन लागतात, रेल्वे आणि रस्ते लागतात. ब्रुकलिनच्या मागे होता कडा. तेव्हा माल न्यू जर्सीला गेला. आपल्याकडेही वेगळं काय झालं? १९८९मध्ये न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या गोदीतला माल खाडीपार गेला. १८८० साली सुरू झालेली प्रिन्सेस डॉक, तिच्यामागून आलेली व्हिक्टोरिया डॉक, ज्या गोदीने १९४४चा भीषण स्फोट सोसला, त्या दोन्ही पुढे भरून टाकल्या गेल्या. गोदी बुडवायला वादळ लागत नाही, एक पत्र्याची पेटी पुरते.

ब्रुकलिनच्या या धक्क्यांवरचा मालाचा धंदा १९८३मध्ये थांबला. १९८४मध्ये प्राधिकरणाने जाहीर केलं, की जमीन व्यापारी बांधकामासाठी विकायची आहे. हिशेब सरळ होता: समोर मॅनहॅटनचं दृश्य, जागा मोक्याची, पैसा चांगला येईल. पण वरच्या सज्ज्यावर फिरणाऱ्या लोकांनी हरकत घेतली. त्यांचा मुद्दा असा, की धक्के सरकारी होते, म्हणजे आमचे होते. काम होतं तोवर आम्ही भिंत सोसली. आता काम संपलं तर भिंत का राहावी? आणि ती काढून तिच्या जागी दुसरी, काचेची, का उभी राहावी?

खरं सांगायचं तर या हरकतीत थोडा स्वार्थही होता. कड्यावरच्या घरांतून दिसणारं पाणी कुणाला गमवायचं नव्हतं. पण लोक नुसता विरोध करून थांबले नाहीत. सभा घेतल्या, संघटना बांधली, आराखडे काढून घेतले आणि १९९२मध्ये तेरा कलमी तत्त्वं ठरवली. या कामात जवळजवळ दोन दशकं गेली. जी माणसं तरुणपणी पहिल्या सभेला आली, ती बाग उघडली तेव्हा निवृत्त झाली होती.

२००२च्या मे महिन्यात राज्याचे गव्हर्नर पटाकी आणि शहराचे महापौर ब्लूमबर्ग यांच्यात करार झाला. बाग होणार हे ठरलं. बांधणीसाठी शहर आणि बंदर प्राधिकरण मिळून १५ कोटी डॉलर देणार हेही ठरलं. पण त्यात एक अट होती, आणि तीच या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. बागेने आपला रोजचा खर्च आपण भागवायचा. त्यासाठी जास्तीत जास्त एक पंचमांश जागेवर उत्पन्नाची बांधकामं करता येतील, उरलेली जागा मोकळी राहील.

आता तुम्ही म्हणाल, बागेला असा काय मोठा खर्च येतो? माळी, पाणी, दिवे. इथेच गंमत आहे. हे धक्के उभे आहेत ते पाण्यात रोवलेल्या हजारो लाकडी खांबांवर. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण पाण्यात होती, तोवर त्या विषारी पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री जीव जगत नसत. १९७२ साली अमेरिकेत पाणी स्वच्छ करण्याचा कायदा झाला. हळूहळू पाणी सुधारलं, मासे परतले आणि त्यांच्यासोबत हे पोखरणारे जीवही परतले. आपल्या कोळ्यांना हा शत्रू चांगला ठाऊक आहे. होडी ओढून, वाळवून, तळाला तेल चोपडतात ते त्याच्याचसाठी. पाणी नितळ झालं आणि धक्क्याचे पाय पोकळ होऊ लागले. तेव्हा बागेच्या खर्चातला मोठा वाटा गवतावर नव्हे, तर गवताखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या खांबांवर जातो. पाणबुडे खाली उतरून एकेक खांब तपासतात आणि त्याला काँक्रीटचं वेष्टण घालतात.

मायकेल व्हॅन वॉल्कनबर्ग या उद्यानरचनाकाराने आराखडा केला तो याच पायांचं बळ बघून. एक क्रमांकाचा धक्का भरावावर होता, तो भार सोसणार. म्हणून टेकडी आणि मोठी झाडं तिथे. बाकीचे धक्के खांबांवर. तिथे हलकी मैदानं. दोन क्रमांकाच्या धक्क्यावरच्या शेडचा पत्रा काढला, पण पोलादी सांगाडा ठेवला आणि त्याच्या सावलीत बास्केटबॉलची मैदानं केली. पाडलेल्या शीतगृहाचं जुनं पाइन लाकूड बाकांना वापरलं. किनाऱ्याची सरळ भिंत काही ठिकाणी काढून दगडांचा उतार केला आणि खारं गवत लावलं. २०१०च्या मार्चमध्ये पहिला भाग उघडला. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ आलं, समुद्र बागेत शिरला. काठावरचा, काचेच्या मंडपातला १९२२ सालचा लाकडी घोड्यांचा पाळणा पाण्याने वेढला गेला. त्याचं छायाचित्र जगभर गेलं. पण पाणी आलं तसं उतारावरून परत गेलं आणि झाडं वाचली. भिंतीने पाणी अडतं. उताराने ते येतं आणि जातं.

बाग झाली, पण कड्यावरून खाली यायचं कसं? महामार्ग होताच. म्हणून कड्यावरच्या स्क्विब पार्क या लहानशा मैदानातून फर्मन स्ट्रीटवरून खाली बागेत उतरणारा, वळणं घेत जाणारा पादचारी पूल बांधला. खर्च सुमारे ४० लाख डॉलर. २०१३च्या मार्चमध्ये तो खुला झाला. पूल लाकडाचा, न कुजणाऱ्या म्हणून नावाजलेल्या जातीच्या लाकडाचा. पोलादी तारा वर नसून फळ्यांच्या खालून नेलेल्या. रानातल्या पायवाटांवर असतात तसा तो चालताना थोडा झुलावा, अशीच कल्पना होती. कोकणातला साकव आठवा. साकवावरून जाताना तो अंगाखाली हलतो आणि पोरांना मौज वाटते. ब्रुकलिनच्या पोरांनाही वाटली.

पण हा साकव ठरल्यापेक्षा जास्त हलू लागला, जागेवरून सरकू लागला. दीड वर्षही झालं नव्हतं, २०१४च्या ऑगस्टमध्ये तो बंद केला. दुरुस्ती, कोर्टकचेरी, कंप शोषणारी उपकरणं, यात अडीच वर्षांहून जास्त गेली. २०१७च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा उघडला. वर्षभराने तपासणी केली तर लाकडाने ओल धरलेली, ते आतून खराब झालेलं. २०१८मध्ये तो पुन्हा बंद केला आणि पुढच्या वर्षी उतरवला. जुन्याच पायांवर साधा, सरळ पोलादी पूल बसवला आणि २०२०मध्ये लोक पुन्हा खाली उतरू लागले. खर्च ६५ लाख डॉलर, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त.

या फजितीवर तिथल्या लोकांनी खूप चेष्टा केली. पण मला त्यात एक मोठी गोष्ट दिसते. पूल हलतोय असं दिसल्याबरोबर तो बंद केला. लोक चिडले, वर्तमानपत्रांनी टोमणे मारले, तरी बंद ठेवला. कुणाला इजा झाली म्हणून नव्हे, होऊ नये म्हणून. मुंबईत १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला आणि घरी निघालेली माणसं गेली. त्याच्याआधी काही महिने तपासणी झाली होती आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे, असं ठरलं होतं. बंद पूल ही नामुष्की असते, पडलेला पूल हा गुन्हा असतो. आपले गावकरी साकव दर पावसाळ्यानंतर नव्याने बांधत, कारण लाकडाचं आयुष्य त्यांना ठाऊक होतं. बांधणं हा सोहळा असतो. राखणं हे रोजचं काम. त्याची फीत कुणी कापत नाही.

राखण्याच्या या खर्चासाठीच बागेच्या कडेला घरं उभी राहिली, आणि वादही उभा राहिला. जुन्या वखारीची महागडी घरं झाली, नवे टॉवर आले. ज्यांनी बागेसाठी लढा दिला, तेच पुढे टॉवरविरुद्ध कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, बागेचा खर्च शहराच्या तिजोरीतून व्हावा, शेजारच्या श्रीमंतांकडून नव्हे. नाहीतर बाग त्यांचं अंगण होऊन बसेल. बागवाल्यांचं म्हणणं, तिजोरीवर विसंबलो तर पहिल्या मंदीत खांब तपासणं थांबेल. २०१८मध्ये कोर्टाने बागेच्या बाजूने निकाल दिला. मला विचाराल, तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल: हिशेब उघड्यावर होता. किती जमीन बांधकामाला देणार, किती मोकळी ठेवणार, पैसा कशावर जाणार, हे आधी लिहिलेलं होतं, आणि त्यावर भांडता येत होतं. या हिशेबात एकच माणूस कुठे नव्हता: १९८३पूर्वी त्या धक्क्यावर घाम गाळणारा कामगार. बाग त्याच्या श्रमाच्या जागेवर झाली, पण तो ती बघायला तिथे उरला नव्हता.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं हे आपण पाहिलं आहे. १९९१च्या नियमात एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया समितीने त्या जमिनींचा एकत्र विचार करा असं सांगितलं. २००१मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. एका शब्दाच्या फेरफाराने बागा गेल्या. तेव्हा कलम वाचणं हे कंटाळवाणं काम असलं, तरी ते नागरिकांनाच करावं लागतं.

पूर्व किनाऱ्यावर बंदराची सुमारे १८०० एकर जमीन आहे. २०१४मध्ये राणी जाधव समितीने तिचा विचार केला, नंतर आराखडेही निघाले. त्या जमिनीवर आजही माणसं आहेत: दारूखान्यात जहाजं तोडणारी, वखारींत काम करणारी, पिढ्यान्पिढ्या भाड्याच्या घरांत राहणारी. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. जानेवारी २०२४मध्ये त्याच शिवडीहून न्हावाशेव्याकडे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. मोठं काम आहे, अभिमान वाटावा असं. पण त्यावर पायी माणसाला मज्जाव आहे. मोटारीला खाडी ओलांडायची वाट मिळाली. चालणाऱ्याला पाण्यापर्यंत जायची वाट अजून मिळायची आहे.

ब्रुकलिनच्या बागेचा शेवटचा तुकडा डिसेंबर २०२१मध्ये उघडला. जुन्या पुलाच्या बरोबर खाली, जिथे इतकी वर्षं वाट अडलेली होती. त्या चौकाला एमिली रोबलिंगचं नाव दिलं आहे. पहिल्या सभेपासून त्या चौकापर्यंत पस्तीसहून अधिक वर्षं लागली. आपण आज सुरुवात केली, तर आजच्या शाळकरी पोरांची नातवंडं नव्हे, पोरंच ती बाग बघतील. एवढा धीर आपल्याला धरता येईल का?

भाऊच्या धक्क्याला ज्यांचं नाव आहे, ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य हे एक साधे गृहस्थ. बोटीत चढता-उतरताना लोकांचे हाल होतात हे पाहून त्यांनी तो बांधला, अशी आठवण सांगतात. मुंबईच्या या किनाऱ्यावरचं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव गव्हर्नरचं नाही, राजपुत्राचं नाही. ते एका भाऊंचं आहे. आजोबा, तेव्हा तुमचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. आता म्हणतो. भिंतीपलीकडचा समुद्रही आपलाच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)